‘निचिजो’ आवडलेल्याला पुढची विनोदी शालेय अ‍ॅनिमे मालिका कशी सुचवावी

क्योटो अ‍ॅनिमेशन या स्टुडिओची ‘निचिजो’ (2011) ही अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिका कोणाला आवडली की शाळेत घडणाऱ्या दहा मालिकांची यादी त्याच्या हाती देण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण शाळा हे केवळ घटनास्थळ असते आणि हसू दुसऱ्याच कारणाने येते.

पहिली पायरी विचारपूस करण्याची. सर्वांत जास्त हसू कोणत्या प्रसंगाला आले, हे विचारावे आणि उत्तर नीट ऐकावे.

दुसरी पायरी त्या उत्तरावरून मालिका निवडण्याची. मुख्याध्यापक हरणाशी कुस्ती खेळतात तो प्रसंग कोणी सांगितला, तर त्याला अतिशयोक्ती आवडते, असे समजावे आणि जिथे गोरिला व यंत्रमानवही वर्गात वावरतात ती ‘क्रोमार्टी हायस्कूल’ (2003) सुचवावी. तिचे भाग जेमतेम बारा मिनिटांचे आहेत. मैत्रिणींच्या निरर्थक गप्पा आवडल्या असतील, तर ‘अझुमांगा दाइओ’ (2002) हेच माझे उत्तर असते. ती चार चौकटींच्या चित्रकथेवरून केलेली असल्याने विनोद छोटे आणि गती संथ आहे. मात्र 26 भागांत मुलींची शाळेची तीन वर्षे सरतात आणि शेवटी त्यांचा निरोप घेणे जड जाते. मुलांचा रिकामटेकडेपणा हवा असेल, तर ‘दान्शी कोकोसेइ नो निचिजो’ (2012) द्यावी, पण नावात साम्य असले तरी ही वेगळी मालिका आहे, हे आधी सांगावे. प्रेमातील गैरसमजांवर हसणाऱ्यासाठी ‘गेक्कान शोजो नोझाकी-कुन’ (2014) आहे: तिची नायिका प्रेमाची कबुली देते आणि तिला मिळते ती नायकाची स्वाक्षरी, कारण तो मुलींच्या चित्रकथा लिहिणारा लेखक असतो.

तिसरी पायरी बहुतेक जण गाळतात. जो संदर्भ ठाऊक नसेल तर विनोद निसटेल, तेवढाच आधी सांगावा. ओसाका शहराची माणसे बोलकी आणि विनोदी असतात, असा जपानमध्ये समज आहे. ‘अझुमांगा’तील ओसाका या टोपणनावाची मुलगी मात्र संथ आणि स्वप्नाळू आहे, आणि गंमत या विसंगतीतच आहे. याहून अधिक काही सांगू नये, विशेषतः प्रसंग तर नाहीच.

शेवटी, एका वेळी एकच मालिका सुचवावी. दोन भाग पाहून झाल्यावर पहिल्या पायरीचाच प्रश्न पुन्हा विचारावा आणि त्या उत्तरावरून पुढची निवड करावी.