ब्रेकचं पेडल अचानक कडक झालं: जुन्या डिझेल एसयूव्हीचा माझा अनुभव

कुंभार्ली घाट उतरताना पेडल दगडासारखं कडक झालं. दोन टनांची गाडी! सगळं बळ लावून दाबलं, गिअर खाली घेतला, हँडब्रेक हळूहळू ओढत कडेला थांबवली.

गॅरेजवाल्याने थेट मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) बदला म्हणून सांगितलं. मला पटेना. पेडल मऊ होऊन खाली जात असेल, तर ऑइलची गळती किंवा लाइनमध्ये हवा. कडक झालं, तर आधी बूस्टर बघायचा, म्हणजे व्हॅक्यूमच्या (हवा ओढून केलेल्या पोकळीच्या) जोरावर पेडल हलकं करणारा डबा. डिझेल गाडीत त्याला व्हॅक्यूम वेगळ्या पंपातून मिळतो.

तपासणी घरीच होते. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, शेवटी दाबून धरा आणि गाडी सुरू करा. पेडल किंचित खाली सरकायला हवं. माझं जागचं हललं नाही. पंपाकडून बूस्टरकडे जाणारा रबरी पाइप वाकवून पाहिला, तर क्लिपच्या अगदी खाली नखाएवढी चीर!

पाइपसोबत वन-वे व्हॉल्व्हही नवा टाकला. ब्रेक ऑइलही बदलून घेतलं, कारण माझ्या गाडीतलं डॉट ४ प्रकारचं ऑइल ओलावा शोषतं. नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओलावा मुरला की तो १५५ पर्यंत उतरू शकतो. घाटात तेवढी उष्णता सहज तयार होते, आणि ऑइल उकळलं की ब्रेक नीट लागत नाही.