किल -९ मारायच्या आधी: चालू प्रोग्रामला सिग्नल नीट ऐकायला कसं शिकवायचं

आधीच सांगतो, खाली सगळ्या कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजीत टाइप करायच्या, नाहीतर मला शिव्या द्याल. आणि सिग्नल म्हणजे लिनक्समध्ये चालू प्रोग्रामला पाठवायचा नंबरवाला निरोप, किल ही तो पाठवायची कमांड, आणि -९ म्हणजे नऊ नंबरचा, जबरदस्तीनं मारणारा.

तर झालं असं की मी लिहिलेला एक पायथनचा प्रोग्राम नागपूरच्या कळमन्यात एका अडत्याकडे चालतो. इलेक्ट्रॉनिक काट्यावरून वजन येतं आणि हा प्रोग्राम त्याची काटापट्टी फाइलमध्ये लिहितो, बस एवढंच काम. मृग बहाराचा माल येऊन राहिला होता, गाड्यांची रांग, आणि तिथल्या पोट्ट्याला मशीन रीस्टार्ट करायचं होतं. कंट्रोल-सी दाबलं तर काहीच होईना कारण कोणी चुकून बंद करू नये म्हणून मीच ते इग्नोर करून ठेवलं होतं, माझी अतिहुशारी. मग त्यानं कुठंतरी वाचून किल -९ मारलं. प्रोग्राम गेला आणि त्यासोबत शेवटच्या नऊ-दहा पट्ट्याही गेल्या. मला फोन, "भाऊ, तुमचा प्रोग्राम पट्ट्या खाऊन राहिला." पोट्ट्याची काही चूक नव्हती, मी त्याला दुसरा रस्ताच ठेवला नव्हता ना.

पट्ट्या गेल्या कुठं ते आधी समजून घ्या, पुढचं सगळं त्यावरच आहे. फाइलमध्ये लिही म्हटलं की पायथन लगेच लिहीत नाही, आधी स्वतःच्या बफरमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत) जमवतो, थोडं साठलं की मग कर्नलकडे (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याकडे) देतो. -९ म्हणजे सिगकिल, तो प्रोसेसपर्यंत (म्हणजे चालू प्रोग्रामपर्यंत) पोचतच नाही, कर्नल परस्पर तिचा निकाल लावतो, त्यामुळे प्रोसेसच्या पोटात जे होतं ते गेलं. कर्नलकडे आधीच दिलेलं मात्र शाबूत राहतं. लाइन जाणं याच्याही वरचं, मे महिन्यात भर दुपारी लाइन गेली की कर्नलनं डिस्कवर न उतरवलेलंही जातं, तिथं एफसिंक (कर्नलला "आत्ताच डिस्कवर उतरव" सांगणं) केलेलं असेल तेवढंच वाचतं.

सिगकिल (९) आणि सिगस्टॉप (लिनक्सच्या नेहमीच्या मशीनवर १९) हे दोन सिग्नल पकडता येत नाहीत, अडवता येत नाहीत, इग्नोरही करता येत नाहीत. बाकीच्यांचं काय करायचं ते तुम्ही ठरवू शकता. रोजच्या कामाचे मोजकेच: सिगइंट (२) म्हणजे कंट्रोल-सी, सिगटर्म (१५) म्हणजे "बाबा, आवर आता", नुसतं किल आणि पीआयडी (प्रोसेसचा नंबर) लिहिलं तर हाच जातो, सिगहप (१) टर्मिनल बंद झालं की येतो, आणि एनजिनएक्ससारखे सर्व्हर तोच सिग्नल कॉन्फिग परत वाचायला वापरतात. सिगचाइल्ड (१७) पोराची प्रोसेस (एका प्रोसेसनं सुरू केलेली दुसरी) संपली की बापाला कळवतो. पूर्ण यादी पाहिजे तर किल -एल.

बरं, आता हँडलर, म्हणजे सिग्नल आला की चालणारं तुमचं फंक्शन. इथंच सगळे माती खातात, मीपण खाल्ली. पहिल्यांदा वाटतं की सिगटर्म आला की हँडलरमध्येच फाइल बंद करू, डेटाबेसचं कनेक्शन तोडू, लॉग लिहू आणि बाहेर पडू. करू नका. खानावळ बंद करायची वेळ झाली की मालक काय करतो, शटर अर्धं खाली ओढतो, बसलेल्यांचं जेवण होऊ देतो, नवीन गिऱ्हाइकाला उद्या या म्हणतो. समोर रस्सा वाढलेला असताना ताट ओढून नेत नाही. हँडलरनं फक्त शटर अर्धं ओढायचं, म्हणजे एक व्हेरिएबल, समजा 'थांबायचंय', ते ट्रू करायचं आणि परत यायचं. मेन लूप दर पट्टीनंतर ते व्हेरिएबल बघेल, हातातली पट्टी पूर्ण लिहील, फ्लश करेल (बफरमधलं कर्नलकडे देईल), फाइल बंद करेल आणि स्वतःच्या पायानं बाहेर जाईल.

पायथनमध्ये सिग्नल मॉड्यूलमधलं सिग्नल हे फंक्शन वापरायचं, पहिला पॅरामीटर सिगटर्म, दुसरा तुमचं फंक्शन, आणि त्या फंक्शनला दोन पॅरामीटर मिळतात, सिग्नलचा नंबर आणि फ्रेम (तेव्हा कोड कुठं चालू होता ते). सिगइंटलाही तेच फंक्शन लावा. हे मेन थ्रेडमधूनच (प्रोग्रामच्या मुख्य धाग्यातूनच) लावता येतं आणि हँडलर चालतोही मेन थ्रेडमध्येच, दुसऱ्या थ्रेडमध्ये लावायला गेलात तर सरळ एरर येते. अजून एक, हँडलरमध्ये पहिल्यांदा सिगइंट आला की त्याचं वागणं परत डीफॉल्टवर टाकून द्या. म्हणजे पहिल्या कंट्रोल-सीला सभ्यपणे आवरेल आणि कुठं अडकलाच तर दुसऱ्या कंट्रोल-सीला तिथल्या तिथं मरेल. ही सोय मी आधीच ठेवली असती तर बिचाऱ्या पोट्ट्याला -९ शोधत बसावं लागलं नसतं.

एवढं करूनही माझा प्रोग्राम थांबेना. टर्म पाठवला, हँडलर चालला, व्हेरिएबल ट्रू झालं, आणि प्रोग्राम आपला ढिम्म. दोन तास गेले त्यात. कारण असं की पायथन ३.५ पासून, मधेच सिग्नल आल्यानं एखादा सिस्टम कॉल (कर्नलकडे मागितलेलं काम) तुटला तर हँडलर चालवून पायथन तो कॉल स्वतःच परत सुरू करतो. काट्यावरून वजन यायची वाट बघत रीड बसलेला होता, सिग्नल आला, हँडलर झाला, रीड परत वाट बघत बसला, मेन लूपपर्यंत कोणी येतंच नाही तर व्हेरिएबल बघणार कोण? स्लीपचंही तेच, ६० सेकंदांचा स्लीप लावला असेल तर तो पूर्ण ६० सेकंद झोपणार. उपाय एकदम साधा, रीडला १ सेकंदाचा टाइमआउट द्या, आणि मोठ्या झोपेचे एकेक सेकंदाचे तुकडे करा, मधे मधे व्हेरिएबल बघत चला.

सी मध्ये लिहिणाऱ्यांसाठी नियम जास्त कडक आहेत. जुनं सिग्नल फंक्शन सोडा, ते वेगवेगळ्या युनिक्सवर वेगळं वागत आलंय, सिगअ‍ॅक्शन वापरा. व्हेरिएबल व्होलाटाइल सिग-अ‍ॅटॉमिक-टी या टाइपचं ठेवा. आणि हँडलरमध्ये प्रिंटएफ नाही, मॅलॉक (मेमरी मागणारं फंक्शन) नाही, काऊन? तर सिग्नल कुठल्याही क्षणी येतो, समजा मेन कोड मॅलॉकच्या आत कुलूप लावून बसलाय आणि तेवढ्यात हँडलर आला आणि त्यानंही मॅलॉक बोलावलं, तर तो त्याच कुलपाची वाट बघेल, आणि कुलूप ज्याच्या हातात आहे तो हँडलर संपायची वाट बघतोय. झालं, दोघंही बसले. टेस्टिंगमध्ये हे हजारदा नीट चालेल आणि नेमकं सीझनमध्ये अडकेल. राइट चालतो, अंडरस्कोर-एक्झिट चालतो, अशा सुरक्षित फंक्शनची यादी मॅन पेजवर सिग्नल-सेफ्टी नावानं आहे, ती एकदा डोळ्याखालून घाला. हँडलरमध्ये कुठला सिस्टम कॉल करत असाल तर सुरुवातीला एररनो (शेवटच्या एररचा नंबर) जपून ठेवा आणि जाताना परत ठेवा. पायथनसारखी परत सुरू करायची सोय इथं आपोआप नाही, रीड -१ देऊन एररनोमध्ये ईइंटर (सिग्नलनं मधेच तोडलं हा एरर) टाकून परत येतो, ते तुम्ही बघायचं. एसए-रीस्टार्ट हा फ्लॅग लावला तर रीड परत सुरू होतो पण पोल आणि सिलेक्ट (कुठून डेटा येतोय का याची वाट बघणारे कॉल) तरीही ईइंटरच देतात, त्यामुळे ईइंटरचा चेक काही चुकत नाही.

सिग्नल मोजायच्या भानगडीत पडू नका. एसटीत कंडक्टरनं एक घंटी मारली की थांब, दोन मारल्या की चल, तसं इथं नाही. साधा सिग्नल म्हणजे प्रोसेसच्या नावासमोर एक टिक, आधीचा पोचायच्या आत तोच सिग्नल अजून पाच वेळा आला तरी टिक एकच. याचा फटका सिगचाइल्डमध्ये बसतो, तीन पोरं एकदम संपली आणि सिग्नल एकच आला, तुम्ही वेटपीआयडी (संपलेलं पोर गोळा करणारा कॉल) एकदाच मारला तर दोन झॉम्बी (मेलेल्या पण गोळा न केलेल्या प्रोसेस) होऊन पडून राहतात. म्हणून डब्ल्यू-नो-हँग (वाट बघत बसू नको) लावून लूपमध्ये वेटपीआयडी मारत राहायचं, आता गोळा करायला कोणी उरलं नाही असं तो सांगेपर्यंत. आणि झॉम्बीवर किल -९ मारणं बंद करा राव, मेलेल्याला काय मारता, त्याचा बाप गोळा करेल तेव्हाच तो जाईल.

बॅश (टर्मिनलचा शेल) स्क्रिप्टमध्ये हँडलरच्या जागी ट्रॅप लावतात. तिथं गंमत ही की समोर एखादी कमांड चालू असेल तर बॅश ती संपेपर्यंत ट्रॅप चालवतच नाही. स्लीप ३०० चालू असताना टर्म मारला तर पाच मिनिटं थांबा. त्यासाठी कमांड अँपरसँड लावून बॅकग्राउंडला टाकायची आणि पुढच्या ओळीत वेट लिहायचं, वेट मात्र सिग्नल आला की लगेच सुटतो. फक्त ट्रॅपमध्ये त्या पोरालाही टर्म पाठवायला विसरू नका, नाहीतर तो मागं चालूच राहील.

डॉकरवाल्यांनो (डॉकर म्हणजे प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवायची सोय), डॉकर स्टॉपला दर वेळी बरोबर १० सेकंद लागत असतील तर समजून जा की तुमच्या प्रोग्रामला टर्म मिळतच नाहीये. डॉकर टर्म पाठवतो, १० सेकंद थांबतो, मग किल मारतो. बहुतेक वेळा कारण दोनपैकी एक. एक तर सीएमडी (डॉकरफाइलमधली प्रोग्राम सुरू करणारी ओळ) नुसत्या ओळीत लिहिली म्हणून पीआयडी १ वर (कंटेनरच्या पहिल्या प्रोसेसच्या जागी) शेल बसलाय आणि तो सिग्नल पुढं देत नाही, तेव्हा सीएमडी चौकोनी कंसात लिहा किंवा शेलच्या स्क्रिप्टमध्ये शेवटच्या कमांडच्या आधी एक्झेक लावा (शेलच्या जागी तीच कमांड बसते). नाहीतर प्रोग्रामच पीआयडी १ आहे पण हँडलर लावलेला नाही, आणि पीआयडी १ ला कर्नल खास वागवतो, हँडलर नसेल तर टर्मचा त्याच्यावर काही परिणामच होत नाही. सिस्टमडी (लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणारा) डीफॉल्टला ९० सेकंद थांबतो, कुबरनेटीस (खूप कंटेनर सांभाळणारा) ३०. तुमचं आवरणं त्याच्या आत बसलं पाहिजे.

हँडलर खरंच लागलाय का ते बघायला प्रॉक फोल्डरमध्ये पीआयडीच्या नावाच्या फोल्डरात स्टेटस नावाची फाइल असते, तिच्यात सिगसीजीटी नावाची ओळ बघा. आकडा हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) असतो, शेवटी ४००२ दिसलं तर २ आणि १५ पकडलेत असं समजा, कारण सिग्नलच्या नंबरातून एक वजा केला की त्याचा बिट मिळतो.

मग टेस्ट. नवीन प्रोग्राम त्या काट्यावर लावायच्या आधी मी घरी खोटी वजनं सोडणारी स्क्रिप्ट लिहिली, पट्टी लिहिणं चालू असताना टर्म मारायचा, आणि सोडलेली वजनं नि फाइलमधल्या ओळी जुळतात का बघायचं, असं पन्नास वेळा लूपमध्ये. दर वेळी डॉलर-प्रश्नचिन्ह एको करून एक्झिट कोडही बघायचा: ० आला तर स्वतः आवरून गेला, १४३ आला तर हँडलर न चालता टर्मनंच मेला, १३७ आला तर कोणीतरी -९ मारलाय, कारण शेल सिग्नलच्या नंबरात १२८ मिळवून दाखवतो. पन्नासपैकी दोनदा मला १४३ आला, डोकं खाजवलं, तर निघालं की हँडलर मी काट्याचा पोर्ट उघडल्यानंतर लावत होतो आणि तेवढ्या सेकंदभरात टर्म येऊन जात होता. ती ओळ उचलून प्रोग्रामच्या अगदी वर टाकली. आता त्या पोट्ट्याला एक स्क्रिप्ट देऊन ठेवली आहे, आधी टर्म पाठवते, मग किल -० नं दर सेकंदाला प्रोसेस जिवंत आहे का बघते (हा शून्य नंबरचा सिग्नल काहीच पाठवत नाही, फक्त प्रोसेस आहे की नाही ते कळतं), आणि २० सेकंद झाले तरी हलली नाही तर -९ मारत नाही, स्क्रीनवर माझा नंबर दाखवते.