चितकबरी पीस लिली: गड्डा फोडताना या चुका टाळा

पीस लिलीचं पान देठासकट तोडून पाण्याच्या बाटलीत ठेवलं, तर ते कितीतरी दिवस हिरवंगार राहतं. त्यामुळे आता मूळ फुटणार असं वाटत राहतं. ते फुटत नाही. देठाचं टोक पिवळं पडतं, पाण्याला वास सुटतो आणि पान सडतं. मनी प्लँटच्या वेलाला पेऱ्यापेऱ्यावर डोळा असतो, म्हणून त्याची काडी लागते. पीस लिलीच्या देठावर डोळाच नसतो. तिचे सगळे डोळे मातीलगतच्या आखूड गड्ड्यात असतात. हळदीचं पान खोचून हळद येत नाही, तसंच हे. घरच्या घरी हे झाड वाढवायचा एकच भरवशाचा मार्ग आहे: गड्डा फोडून मुळांसकट फुटवा वेगळा करणं. ऑनलाइन मिळणाऱ्या बियांच्या पुड्यांवर पैसे घालू नका. बी खरं निघालं तरी त्यातून पानांवरचा पांढरा रंग उतरेलच असं नाही.

चुकीचा फुटवा निवडणं

सगळ्यात जास्त झाडं इथेच वाया जातात. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, म्हणजे तो भाग अन्न बनवत नाही. हिरव्या भागाच्या जिवावर जगतो. एकाच गड्ड्यात तीन प्रकारचे फुटवे दिसू शकतात: पूर्ण हिरवे, हिरवे-पांढरे आणि क्वचित पूर्ण पांढरे. पांढरा फुटवा दिसायला देखणा असतो आणि हात नेमका तिकडेच जातो. पण आईपासून तोडला की तो मुळातला साठा संपेपर्यंत तग धरतो आणि मग उपाशी मरतो. त्याला खत-पाणी देऊन उपयोग नाही, कारण अन्न शिजवायला चूलच नाही.

पूर्ण हिरवा फुटवा जोमाने वाढतो, पण त्याच्यातून पुढेही हिरवंच झाड मिळतं. त्याला उजेड जास्त दिला म्हणून पांढरा रंग परत येत नाही, कारण रंग ठरतो तो वाढणाऱ्या डोळ्यात. म्हणून फुटव्याची शेवटची दोन-तीन पानं बघा. प्रत्येक पानात दोन्ही रंग हवेत आणि निम्म्याहून जास्त भाग हिरवा हवा. डोमिनो जातीत पानभर बारीक पांढरे शिंतोडे असतात आणि ते बऱ्यापैकी टिकतात. पिकासोमध्ये पांढरे मोठे पट्टे येतात. ती जात लहरी आहे, एकाच झाडाला एक पान अर्धं पांढरं आणि पुढचं जवळपास हिरवं येऊ शकतं.

मूळ कुंडीतले पूर्ण हिरवे फुटवे मात्र मुळासकट काढून टाका. ते चितकबऱ्यांपेक्षा वेगाने वाढतात आणि शेतातल्या तणासारखी सगळी जागा बळकावतात.

उन्हाळ्यात किंवा थंडीत फोडणं

मार्चपासून विदर्भात हवा कोरडी पडत जाते आणि मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो. फोडलेल्या फुटव्याची मुळं अर्धी तुटलेली असतात. पान जेवढं पाणी उडवतं तेवढं मूळ ओढू शकत नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा 10 अंशांजवळ येतो तेव्हा मुळांची वाढ थांबते आणि ओल्या कुंडीत जखमा कुजतात. पेरण्या आटोपून डवरे सुरू झाले की, म्हणजे पुनर्वसू-पुष्य नक्षत्रांपासून पोळ्यापर्यंत (साधारण जुलै-ऑगस्ट), हे काम करा. हवेत ओल असते आणि ऑक्टोबरच्या उन्हाआधी मुळं धरतात.

हिसका देऊन फोडणं

आदल्या दिवशी कुंडीला पाणी द्या. झाड बाहेर काढून मुळांचा गठ्ठा बादलीभर पाण्यात 10-15 मिनिटं ठेवा आणि माती बोटांनी धुऊन काढा. माती निघाल्याशिवाय सांधा दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या सांध्यावर चाकू चालवला की मुळं एकीकडे, पानं दुसरीकडे होतात. नर्सरीतल्या एका कुंडीत बहुधा बरीच लहान रोपं एकत्रच लावलेली असतात. ती नुसत्या हाताने सुटतात. जिथे गड्डा खरंच जोडलेला असेल तिथेच स्पिरिटने पुसलेल्या चाकूने कापा.

प्रत्येक भागाला किमान तीन पानं आणि स्वतःची चार-पाच मुळं हवीत. एका गड्ड्याचे दहा तुकडे करायची हाव नको. तीन भक्कम भाग बरे. चांगलं मूळ पांढरट आणि टणक असतं. तपकिरी, बुळबुळीत, ओढल्यावर साल हातात येऊन आत दोरा उरतो ते कुजकं. ते कापून टाका. फुलाचा दांडाही कापा. जखमा सावलीत तासभर सुकू द्या. कार्बेन्डाझिम-मॅन्कोझेबची मिश्र बुरशीनाशक पावडर घरात असेल तर लिटरला 2 ग्रॅम घेऊन मुळं पाच मिनिटं बुडवा, पण मग त्याच मातीत लगेच ट्रायकोडर्मा घालू नका. ती बुरशीच आहे, औषधाने तीही मरते.

हातमोजे घाला. हे झाड धोप्याच्या, म्हणजे अळूच्या कुळातलं आहे आणि चिकात तसेच खाज आणणारे स्फटिक असतात. कापलेली पानं शेळीपुढे टाकू नका.

काळी माती आणि मोठी कुंडी

कपाशीला सोन्यासारखी असलेली काळी माती या झाडाच्या मुळावर येते. ओली असताना हवा कोंडते, सुकली की आवळून भेगा पडतात आणि कोवळी मुळं तुटतात. चार भाग धुतलेलं कोकोपीट, दोन भाग चांगलं कुजलेलं गांडूळ खत, दोन भाग जाड रेती, दोन भाग धानाचं जळकं तूस, असं मिश्रण करा. भंडारा-गोंदियाकडे तूस राईस मिलवर मिळतं; बाकीकडे त्याऐवजी विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे चालतात. कोकोपीट दोन-तीनदा धुवा, त्यात क्षार असतात. अर्धवट कुजलेलं शेणखत नको, ते तापतं.

कुंडी चार-पाच इंचांची. आठ इंचांच्या कुंडीत मुळं पोचत नाहीत तिथली माती आठवडाभर ओली राहते आणि कूज तिथूनच सुरू होते. गड्ड्याचा वरचा भाग मातीच्या पातळीवर ठेवा. खोल पुरला तर पानांचे देठ बुडाशी सडतात.

पानं झुकली की पाणी ओतणं

लावल्यावर तीन ते सात दिवस पानं झुकतात. तहान म्हणून रोज पाणी दिलं की झाड संपलं. बोट एक इंच मातीत घाला. कोरडं लागलं तरच पाणी. माती ओली असून पानं झुकलेली असतील, तर मुळं पाणी ओढू शकत नाहीत असा अर्थ. अशा वेळी कुंडीवर काड्या रोवून पारदर्शक प्लास्टिकची पिशवी सैल घाला, रोज अर्धा तास उघडा आणि दहा-बारा दिवसांनी काढा. पिशवीतल्या झाडाला ऊन अजिबात लागू देऊ नका, आत शिजेल. दोन आठवड्यांनंतरही पानं उठली नाहीत तर झाड उपसून मुळं बघा.

कोणतंही पाणी चालेल असं समजणं

पांढऱ्या भागाच्या कडा तपकिरी होऊन सुकतात, आणि पुष्कळ जण त्याला रोग समजून फवारे मारत बसतात. कारण बहुधा पाण्यात असतं. अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी खारट असतं. यवतमाळ-चंद्रपूरच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. दोन्ही या झाडाला सोसत नाहीत आणि नाजूक पांढरा भाग आधी जळतो. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी तर मुळीच देऊ नका. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, म्हणजे ते मूळ बोअरपेक्षाही खारट झालेलं असतं. आरओच्या बाहेर फेकलेल्या पाण्याचंही तेच.

पहिला-दुसरा पाऊस सोडून टिनावरचं पाणी ड्रममध्ये धरा आणि ड्रम झाकून ठेवा. नव्या फुटव्यांना दोन-तीन महिने ते पुरतं. एसीचं पाणीही चालतं. बोअरचंच द्यावं लागत असेल तर महिन्यातून एकदा पावसाचं किंवा एसीचं पाणी कुंडीच्या बुडातून भरपूर वाहून जाऊ द्या.

शेतातलं खत, शेतातला पंप

युरिया आणि डीएपीचे दाणे कोवळी मुळं जाळतात. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये फ्लोराइड असतं, तेही नको. पहिले सहा आठवडे काहीच देऊ नका. नंतर 19:19:19 हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला अर्धा ग्रॅम, महिन्यातून एकदा. पिकावर फवारायचं प्रमाण इथे जाळून टाकेल. तणनाशक मारलेला पंप कितीही धुतला तरी घरातल्या झाडांसाठी वापरू नका. मिलीबग (पिठ्या ढेकूण) दिसला तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा.

अंधारा कोपरा

सावलीचं झाड म्हणून खोलीच्या टोकाला ठेवलं की चितकबरी जात रखडते. हिरवा भाग कमी असल्याने तिला साध्या पीस लिलीपेक्षा जास्त उजेड लागतो. उत्तरेकडची किंवा पूर्वेकडची छपरी उत्तम, सकाळचं कोवळं ऊन तासभर चालेल. टिनाखाली मात्र दुपारी भट्टी होते, तिथे नको. उन्हाळ्यात कूलर असलेल्या खोलीत ठेवा, पण हवेच्या थेट झोतात नाही.

नवं पान यायला तीन ते सहा आठवडे लागतात. पहिलं पान जवळपास हिरवं आलं म्हणून लगेच उपटू नका. तीन पानं येऊ द्या. तिसऱ्यातही पांढरा ठिपका नसेल, तर तो फुटवा हिरवा झाला असं समजा आणि त्याला वेगळ्या कुंडीत साधी पीस लिली म्हणून वाढवा.