घरच्या टाकीत गोल्डफिशची अंडी आणि पिल्ले कशी जपावीत

गोल्डफिशच्या अंड्यांना सर्वांत मोठा धोका त्यांच्या आईबापांचाच असतो. पहाटे घातलेली अंडी तीच जोडी काही तासांत खाऊ लागते, म्हणून सर्व तयारी आधी झालेली असावी. नराच्या कल्ल्यांच्या झाकणांवर पांढरे बारीक दाणे दिसू लागले आणि तो मादीचा पाठलाग करून तिला ढुशा देऊ लागला, की अंडी लवकरच पडतील असे समजावे.

प्रथम अंडी चिकटण्यासाठी आधार द्यावा. कोकणात काथ्या सहज मिळतो. मात्र त्याचा तांबूस रंग पाण्यात उतरतो, म्हणून तो उकळून, पाणी बदलत काही दिवस भिजवूनच वापरावा. नायलॉनची दोरी उसवून केलेला झुपका मला अधिक सोयीचा वाटतो. तळ्यातील वनस्पती टाळाव्यात, कारण त्यांच्यासोबत चतुराच्या अळ्या येतात आणि त्या पिल्ले खातात.

अंडी दिसताच झुपका टाकीतल्याच पाण्याच्या भांड्यातून वेगळ्या टाकीत न्यावा. तेथे साधारण १५ सेंटिमीटर खोल पाणी आणि हवेचे मंद बुडबुडे पुरेसे असतात. पांढरी पडलेली अंडी ड्रॉपरने काढावीत, अन्यथा त्यांवरची बुरशी शेजारच्या अंड्यांवर पसरते. बाटलीवरील प्रमाणानुसार मिथिलीन ब्ल्यू हे बुरशीरोधक निळे औषध घातल्यास तिला आळा बसतो.

किनारपट्टीवरील उबदार पाण्यात पिल्ले साधारण दोन-तीन दिवसांत बाहेर येतात. पुढचे दोन दिवस ती काचेला चिकटून पोटाखालच्या पिवळ्या पिशवीवर जगतात, तेव्हा काहीही खाऊ घालू नये. ती आडवी पोहू लागली, की दिवसातून तीन-चार वेळा आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातील कोळंबीसारख्या बारीक जीवाची) नुकतीच फुटलेली पिल्ले द्यावीत. आर्टेमियाची अंडी खाऱ्या पाण्यात सुमारे २४ तासांत फुटतात. कोकणात समुद्राचे पाणी हाताशी असले, तरी पावसाळ्यात खाडीमुखाशी ते गढूळ आणि कमी खारट होते, म्हणून लिटरला २५ ते ३० ग्रॅम आयोडीन नसलेले खडे मीठ विरघळवणे अधिक भरवशाचे. खाऊ घालण्यापूर्वी आर्टेमियाची पिल्ले गोड्या पाण्यात गाळून घ्यावीत आणि रिकामी टरफले वगळावीत. उकडलेल्या अंड्याचा बलक चालतो, पण उरलेला कण सडून पाणी खराब करतो, त्यामुळे सुईच्या टोकावर मावेल एवढाच द्यावा.

माझ्या अनुभवात पिल्ले उपासमारीपेक्षा खराब पाण्याने अधिक मरतात. दररोज पाव भाग पाणी बारीक नळीने, तिच्या तोंडाला फडके बांधून, हळू काढावे आणि तितक्याच तापमानाचे, क्लोरीन काढलेले पाणी थेंबाथेंबाने भरावे. फिल्टर स्पंजचाच असावा, इतर प्रकार पिल्लांना ओढून घेतात. जांभ्या खडकातील विहिरीचे पाणी बहुधा मऊ असते आणि टाकीत लवकर आम्लधर्मी होऊ शकते; तिसऱ्यांचे उकळून धुतलेले शिंपले कापडी पिशवीत घालून ठेवल्यास ते हळूहळू सावरते. उन्हाळ्यात खाडीकाठच्या विहिरी मचूळ होतात, त्या पाण्याची चव आधी पाहावी. पावसाळ्यातील वीजकपातीसाठी बॅटरीवरचा एअर पंप तयार ठेवावा.

पिल्ले सुरुवातीला काळपट-तपकिरी असतात. सोनेरी रंग येण्यास काही महिने लागतात, म्हणून त्यांना रंगावरून टाकून देऊ नये. वाकडी वा न पोहणारी वेगळी करावीत. आईबापांच्या तोंडात मावणार नाहीत इतकी मोठी होईपर्यंत पिल्ले स्वतंत्रच ठेवावीत, आणि जास्तीची वहाळात किंवा तळ्यात न सोडता ओळखीच्या मत्स्यप्रेमींना द्यावीत.