ट्रॅकवर टर्बोचा फायदा कसा घ्यावा

टर्बोमध्ये एग्झॉस्टमधून एरवी वाया जाणाऱ्या वायूवर टर्बाइन फिरते आणि त्याच दांड्यावरचा कॉम्प्रेसर इंजिनात जादा हवा कोंबतो. म्हणूनच रेनॉने १९७७ मध्ये दीड लिटरचे इंजिन फॉर्म्युला वनमधील तीन लिटरच्या इंजिनांसमोर उतरवले आणि १९७९ मध्ये दिजाँची शर्यत जिंकली. समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवरच्या आपल्या इंदूरच्या विरळ हवेत साध्या इंजिनाची जी ताकद घटते, ती टर्बो बऱ्याच अंशी भरून काढतो.

अॅक्सिलरेटर दाबल्यावर टर्बोची ताकद यायला थोडा उशीर लागतो; पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्रातील ११.३ किलोमीटरच्या हाय-स्पीड ट्रॅकवर तो जाणवणारही नाही. खरी परीक्षा वळणांच्या ट्रॅकवर होते. तेथे इंजिनाचे आरपीएम पडू न देणारा गिअर निवडावा आणि अॅक्सिलरेटर वळणाच्या मध्यापासूनच हळूहळू दाबत जावा, कारण बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) एकदम आल्यास रिअर-व्हील ड्राइव्ह गाडीची मागची चाके घसरतात.

मे महिन्यात सलग फेऱ्यांचा हट्ट धरू नये. टर्बोतून आलेली हवा थंड करणारा इंटरकूलर तापला की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा नियंत्रक संगणक, ताकद कमी करतो. शेवटची फेरी संथ मारून, पिटमध्ये इंजिन मिनिटभर चालू ठेवूनच बंद करावे, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधले तेल जळून काजळी धरते.