उसाच्या मातीतलं एरिलसल्फटेज मोजताना

ऊस मुळांवाटे गंधक घेतो ते सल्फेटच्या रूपात. पण मातीच्या वरच्या थरातलं बहुतेक गंधक सेंद्रिय रेणूंत अडकलेलं असतं. त्यातलं एस्टर-बंधाने जोडलेलं सल्फेट सुटं करणारं विकर (एन्झाइम) म्हणजे एरिलसल्फटेज. जिवाणू-बुरशीच्या पेशींतून बाहेर आलेलं हे विकर चिकणमातीला आणि ह्यूमसला (कुजून तयार झालेल्या सेंद्रिय अंशाला) धरून बराच काळ टिकतं. ते मोजायला ताबाताबाई आणि ब्रेमनर या मृदाशास्त्रज्ञांची १९७० ची पद्धत आजही उत्तम.

खत पडलेली जागा टाळून ० ते १५ सेंमी खोलीची माती घ्या, २ मिमी चाळणीतून काढा. ओली आणि वाळवलेली माती एकमेकींशी ताडून पाहू नका, आकडे जुळत नाहीत.

५० मिली फ्लास्कमध्ये १ ग्रॅम माती, ०.२५ मिली टोल्युइन, ४ मिली अॅसिटेट बफर (०.५ मोलर, पीएच ५.८) आणि १ मिली ०.०५ मोलर पॅरा-नायट्रोफेनिल सल्फेट घाला. नायट्रोफेनिल सल्फेटचं हे द्रावण ५० मिली करायला त्याचा पोटॅशियम क्षार ०.६४३ ग्रॅम लागतो. बूच लावून ३७ अंशांवर बरोबर १ तास ठेवा. मग १ मिली कॅल्शियम क्लोराइड आणि ४ मिली सोडियम हायड्रॉक्साइड (दोन्ही ०.५ मोलर) घालून गाळा. गाळलेलं पाणी पिवळं दिसतं. तो विकराने नायट्रोफेनिल सल्फेट तोडल्यावर सुटलेल्या नायट्रोफेनॉलचा रंग. ४१० नॅनोमीटरवर वाचा. नायट्रोफेनॉलची ० ते ५० मायक्रोग्रॅमची प्रमाणित द्रावणंही याच मापाने करा.

टोल्युइनमुळे तासाभरात जिवाणू वाढत नाहीत. टोल्युइन फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटात) हाताळा. कॅल्शियम क्लोराइड विसरलात तर चिकणमाती विरघळल्यासारखी पसरते, गाळण गढूळ आणि तपकिरी येतं, वाचन फुगतं. कंट्रोल प्रत्येक मातीचा वेगळा हवा: त्यात नायट्रोफेनिल सल्फेट शेवटी, हायड्रॉक्साइडनंतर घालून लगेच गाळायचं. ह्यूमसचा स्वतःचा रंग त्यानेच वजा होतो. समजा प्रमाणित द्रावणांशी ताडून वाचन ४८ मायक्रोग्रॅम, कंट्रोल ८ आणि १ ग्रॅम ओल्या मातीत कोरडी ०.८ ग्रॅम, तर ४० ÷ ०.८ = ५० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम प्रति तास.

फॉस्फेट बफर अजिबात नको, फॉस्फेट या विकराला रोखतं. अॅसिटेट बफर घालताना कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी-शाहूवाडीकडच्या तांबड्या मातीला अडचण येत नाही. पंचगंगेकाठच्या काळ्या मातीत मात्र चुनखडीचे पांढरे खडे असले की बफर घालताच बुडबुडे येतात आणि पीएच वर सरकतो. अशा मातीचं एक जादा नमुनापात्र ठेवून त्यात तासाअखेरीस पीएच मोजा. तो ५.८ वर राहिला नसेल तर आलेला आकडा दुसऱ्या शेताशी तुलनेला घेऊ नका.