स्टील गिटारचा सोलो कानाने बसवताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत गणेशोत्सवातल्या वाद्यवृंदासाठी स्टील गिटार शिकणारे अनेक जण माझ्याकडे येतात. ध्वनिमुद्रण लावायचे आणि पट्टी (सा कोणत्या स्वरावर आहे) किंवा तारांची जुळणी (मोकळ्या तारा कोणत्या स्वरांना लावल्या आहेत) न ओळखताच बार, म्हणजे तारांवर सरकवायची धातूची कांडी, तारेवर ठेवून स्वर शोधत सुटायचे, ही चूक जवळजवळ प्रत्येकाची असते.

मीही हे भोगले आहे. खानापुरात असताना एका कॅसेटवरून मी सोलो उतरवून घेत होतो. कॅसेटवर सा काळी पाचला (ए शार्प) लागत होता, म्हणून ए मेजरला जुळवलेल्या गिटारवर पहिल्या पडद्यावर बार धरून मी तीन आठवडे घासले. तालमीत गायकाने मूळ पट्टीत, म्हणजे पांढरी सहाला (ए), गाणे सुरू केले आणि माझा सोलो अर्ध्या स्वराने वर गेला. टेप सुमारे ६ टक्के जास्त वेगाने फिरत असेल, तर नेमके एवढेच अंतर पडते. घरी येऊन मोकळ्या तारा छेडल्या तेव्हा खरी गोम कळली: ज्या सा वर मी हौसेने कंप देत होतो, तो मूळ वादकाने मोकळ्या तारेवर वाजवला होता, म्हणूनच तो सरळ उभा होता आणि बार दुसऱ्या तारेवर गेला तरी घुमत राहत होता.

तेव्हापासून मी आधी पेटीवर सा पक्का करतो, मग असे निष्कंप स्वर हेरतो आणि शेवटी जोडस्वर, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, ऐकतो. एकाच सरळ बारखाली सा, ग, प यांच्याबरोबर ध सुद्धा मिळत असेल, तर जुळणी बहुधा सी सिक्स्थची असते. ए मेजरच्या जुळणीत तो ध तसा मिळत नाही.

दुसरी चूक मींडेची, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकत जाण्याची. विद्यार्थी फक्त पोहोचलेला स्वर लिहितात. मींड कुठून निघाली, सुरुवातीच्या स्वरावर किती थांबली आणि वाटेत तार पुन्हा छेडली का, हे लिहीत नाहीत. गळ्यातून न निघालेली मींड हातातून निघत नाही, असे माझे ठाम मत आहे. गिटारवादक ब्रिजभूषण काबरा यांचे १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या अल्बममधील वादन ऐकले, तर हे चटकन उमगते. गती कमी करणारे ॲप जरूर वापरावे, पण निम्म्याच्या खाली मी जात नाही, कारण मींडेच्या कडा पुसट होतात.

बार दोन पडद्यांच्या मध्ये नव्हे, पडद्याच्या तारेच्या अगदी वर धरावा. बारच्या मागची बोटे तारांना टेकलेली असावीत, नाहीतर खरखर होते. तयार टॅब (कोणती तार, कोणता पडदा हे आकड्यांत लिहिलेली नोंद) आधी पाहू नये. कानाने लिहून झाल्यावर ताडून पाहायला हरकत नाही. सबंध सोलो एका दिवसात उतरवण्याची घाई करणाऱ्यांना मी रोज दोनच ओळी देतो आणि दुसऱ्या दिवशी त्या आधी गाऊन दाखवायला लावतो.